तारेविना ठोका : अलिंदातील नवा पेसमेकर

घरातील ज्येष्ठांना जिना चढताना थकवा येऊ लागतो. पेढीवरील गादीवरून एकाएकी उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते, क्वचित शुद्धही हरपते. कुटुंबीय वयाकडे बोट दाखवितात. पर्युषणाचे दिवस असतील तर दोष उपवासाकडे जातो. अनेकदा ते खरेही असते. परंतु काही वेळा मूळ कारण हृदयाच्या मंदावलेल्या गतीत असते. विश्रांतीच्या वेळी नाडी सामान्यतः मिनिटाला ६० ते १०० पडते. ती ४० च्या खाली घसरली किंवा मधूनच काही सेकंद थांबली, तर मेंदूला रक्त अपुरे पडते. अशा वेळी पेसमेकरचा विषय निघतो आणि आता त्यात ‘तारेविना’ हा नवा पर्याय पुढे येत आहे. संमतिपत्रावर स्वाक्षरी करण्यापूर्वी तो समजून घेणे हिताचे आहे.

हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंदे व खालचे दोन म्हणजे निलये. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात साइनस नोड नावाचा पेशींचा एक लहानसा पुंज असतो. प्रत्येक ठोक्याचा विद्युतसंदेश तेथून निघतो. अलिंदे आकुंचन पावतात, संदेश मधल्या एव्ही नोडपाशी क्षणभर थबकतो आणि मग निलये आकुंचन पावून रक्त शरीरभर ढकलतात. वरचा कप्पा आधी व खालचा नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे. साइनस नोड दुर्बळ झाला तर संदेशच कमी निघतात; एव्ही नोडपाशी अडथळा आला तर निघालेला संदेश खाली पोहोचत नाही. मंद गतीचे बहुतेक विकार या दोन प्रकारांत मोडतात.

शरीरात बसविलेला पहिला पेसमेकर स्वीडनमधील. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी शल्यविशारद ओके सेनिंग यांनी अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी तयार केलेले यंत्र ४३ वर्षांच्या आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसविले. ते काही तासांतच बंद पडले. तथापि यंत्रे बदलत बदलत लार्सन ८६ वर्षे जगले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर त्यांना विसाहून अधिक पेसमेकर बसविले गेले होते. शल्यविशारद व अभियंता हे दोघेही त्यांच्या आधीच निवर्तले होते.

तेव्हापासून पेसमेकर लहान व टिकाऊ होत गेला, पण त्याची मूळ रचना फारशी बदलली नाही. गळपट्टीच्या हाडाखाली त्वचेच्या आत एक डबी आणि तेथून शिरेवाटे हृदयात उतरणाऱ्या तारा, ही ती रचना. तिचे दुबळे अंग म्हणजे तार. ती सरकू शकते किंवा वर्षानुवर्षांच्या हालचालीने तुटू शकते. डबीच्या जागी जंतुसंसर्ग झाला तर तो तारेवरून थेट हृदयापर्यंत जाऊ शकतो. जुनी तार शिरेला व हृदयाला चिकटलेली असल्याने ती काढणे जोखमीचे असते.

यावर उपाय म्हणून बॅटरीसह सर्व यंत्रणा एका कॅप्सूलमध्ये सामावण्यात आली. मांडीच्या शिरेतून नळीने ती हृदयात नेऊन तेथेच अडकवितात. छातीवर छेद नाही, डबी नाही, तारही नाही. अमेरिकेच्या एफडीएने असे पहिले यंत्र २०१६ मध्ये मान्य केले. मात्र ते केवळ उजव्या निलयात बसणारे होते. ज्याचे निलय ठीक आहे व साइनस नोडच थकला आहे, त्याला त्याचा उपयोग मर्यादित. निलय स्वतंत्रपणे धडधडू लागले की अलिंद कधी कधी बंद झडपेवर आकुंचन पावते. रक्त मागे रेटले जाते आणि रुग्णाला धाप, थकवा व मानेत ठोके जाणवतात.

अलिंदात कॅप्सूल बसविणे अवघड होते. तेथील भिंत पातळ असते. शिवाय वर व खाली दोन कॅप्सूल बसविल्या तर तारेविना त्यांनी एकमेकींशी ताळमेळ कसा राखावा, हा प्रश्न होता. ॲव्हेअर डीआर या यंत्रणेने तो सोडविला. तिची अलिंदातील कॅप्सूल स्क्रूसारख्या टोकाने भिंतीत रुतते. दोन्ही कॅप्सूल रक्त व स्नायूंतून जाणाऱ्या सूक्ष्म विद्युतस्पंदांद्वारे प्रत्येक ठोक्याला परस्परांना संदेश देतात. एफडीएने २०२३ मध्ये तिला मान्यता दिली. केवळ साइनस नोडचा विकार असल्यास अलिंदातील कॅप्सूल एकटीही वापरता येते आणि पुढे गरज पडल्यास खाली दुसरी बसविता येते. ही सोय मोलाची आहे, कारण अशा काही रुग्णांत कालांतराने एव्ही नोडही दुर्बळ होतो.

आता जमेबरोबर खर्चाची बाजूही पाहिली पाहिजे. त्याच वर्षी ३०० रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ९८.३ टक्के रुग्णांत दोन्ही कॅप्सूल यशस्वीपणे बसल्या. परंतु पहिल्या ९० दिवसांत यंत्र किंवा शस्त्रक्रियेमुळे कोणतीही गंभीर गुंतागुंत न झालेले रुग्ण ९०.३ टक्के होते. म्हणजे सुमारे दहातील एकाला काही ना काही त्रास झाला. काहींच्या अलिंदातील कॅप्सूल जागेवरून सुटली. सतत संदेशवहन करावे लागत असल्याने अलिंदातील कॅप्सूलची बॅटरी नेहमीच्या पेसमेकरच्या तुलनेत लवकर संपते. पहिल्या पिढीतील एका कॅप्सूलचे रोपण तर बॅटरीच्या दोषामुळे २०१६ मध्ये थांबवावे लागले होते. तारेच्या पेसमेकरमागे सहा दशकांहून अधिक काळाचा अनुभव आहे. अलिंदातील कॅप्सूलचा अनुभव अद्याप थोड्याच वर्षांचा आहे.

म्हणून नवे ते सर्वांसाठी योग्यच, असे मानता येत नाही. पूर्वी संसर्ग झालेला, डायलिसिसवर असलेला किंवा छातीकडील शिरा बंद झालेला रुग्ण असेल, तर कॅप्सूलचा लाभ मोठा ठरू शकतो. पंचाहत्तरीच्या रुग्णाचा आणि चाळिशीतील रुग्णाचा विचार मात्र निराळा. तरुणाला आयुष्यात अनेकदा बॅटरी बदलावी लागणार असते.

कुटुंबाने डॉक्टरांना काही प्रश्न अवश्य विचारावेत. मंद गती थायरॉइडमुळे किंवा रक्तदाबाच्या एखाद्या औषधामुळे तर नाही ना? विकार साइनस नोडचा आहे की एव्ही नोडचा? या रुग्णाच्या बाबतीत बॅटरी किती वर्षे चालेल आणि संपल्यावर कॅप्सूल काढणार की तेथेच ठेवून दुसरी बसविणार? डॉक्टरांनी स्वतः अलिंदातील किती कॅप्सूल बसविल्या आहेत? यंत्र, रुग्णालय व पुढील तपासण्या मिळून खर्च किती, आणि विमा त्यातील किती देईल?

आणखी एक गोष्ट बोलणे जड जाते, तरी आवश्यक आहे. बंद बॅटरी उष्णतेने फुटत असल्याने अंत्यसंस्कारापूर्वी नेहमीचा पेसमेकर काढून घेतात. कॅप्सूल तर हृदयाच्या आत असते. त्याविषयीची सूचना डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावी आणि यंत्राचे कार्ड विम्याच्या कागदपत्रांसोबत, घरातील दोघांना तरी ठाऊक असेल अशा ठिकाणी ठेवावे.