संस्थेचे दार कोणासाठी उघडे?

मुरबाड तालुक्यातील फांगणे या लहानशा गावात ८ मार्च २०१६ रोजी, म्हणजे महिला दिनी, एक शाळा सुरू झाली. तिच्या विद्यार्थिनी म्हणजे साठी उलटलेल्या आजीबाई. जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांनी कल्पना मांडली, मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने तिला हात दिला, आणि गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून गावच्या आज्या मुळाक्षरे गिरवू लागल्या. ‘आजीबाईंची शाळा’ हे नाव पुढे देशोदेशी गेले. अक्षराला अक्षर जोडून सावकाश वाचणारी अशी वाचक डोळ्यांपुढे ठेवून आज आम्हाला एका आधुनिक वस्तूविषयी बोलायचे आहे. ती वस्तू म्हणजे सेवाभावी संस्थांचे संकेतस्थळ, म्हणजेच वेबसाइट.

संकेतस्थळ हे संस्थेचे दुसरे दार होय. पहिले दार शहापूरला किंवा मुरबाडला असते. तेथे डोळखांबहून अथवा टोकावड्याहून यायचे तर एस. टी.चे भाडे पडते आणि एका दिवसाची मजुरी बुडते. वसतिगृहातील प्रवेशाची मुदत, नेत्रतपासणीचे शिबिर, वनहक्काच्या दाव्याला लागणारे कागद, एवढी माहिती मोबाइलवर मिळाली तर तो हेलपाटा वाचतो. परंतु हे दुसरे दार पुष्कळदा मुंबईकडे तोंड करून उभे असते. मजकूर इंग्रजीत, अग्रभागी देणगीचे आवाहन, आणि ज्यांच्यासाठी संस्था निघाली त्यांना उपयोगी पडणारा कागद कोठे तरी तळाशी! यात कोणाचा हेतू वाईट असतो असे नाही. देणगीवाचून संस्था चालत नाही. पण शहापूरकरांना हे चित्र ओळखीचे वाटेल. तानसा आणि भातसा यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात तालुक्यातील पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. माहितीचेही तसेच व्हावे काय?

यावर जगात बराच विचार झाला आहे. ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम’ या आंतरराष्ट्रीय मंडळाने १९९९ साली यासंबंधी पहिली नियमावली काढली आणि २००८ साली तिची चार तत्त्वांवर नव्याने मांडणी केली. मजकूर जाणवला पाहिजे, तो हाताळता आला पाहिजे, तो समजला पाहिजे, आणि तो कोणत्याही साधनावर उघडला पाहिजे. ही चार तत्त्वे आपल्या तालुक्यांत आणून पाहू.

पहिले, जाणवण्याचे. अंध मनुष्य मोबाइल वापरतो तो ऐकून. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी सोय फोनमध्येच असते. पण ती खऱ्या अक्षरांनाच वाचू शकते. पत्रकाचा फोटो काढून चढविला तर तेथे तिला नुसते चित्र भेटते, आणि ती मुकी होते. युनिकोडबाहेरच्या जुन्या टंकात जुळविलेला मजकूर तर त्याहून फसवा. डोळ्यांना तो शुद्ध मराठी दिसतो. यंत्राच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरांची अर्थहीन रांग असते. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये लिहावा आणि प्रत्येक चित्राखाली त्यात काय आहे ते सांगणारे वाक्य जोडावे. फिक्या करड्या अक्षरांचा सोस सोडावा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान ४.५ : १ असावे, असे ती नियमावली सांगते.

दुसरे, हाताळण्याचे. कुदळ धरून राठ झालेल्या किंवा कापणाऱ्या बोटाला बारीकसे बटन सापडत नाही. बटने मोठी व सुटी असावीत. अर्ज भरताना घड्याळ मागे लागलेले नसावे.

तिसरे, समजण्याचे. ‘लाभार्थी पात्रता निकष’ असा मथळा देण्यापेक्षा ‘ही मदत कोणाला मिळेल?’ असे विचारावे. वाक्ये आखूड असावीत. ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी तीच माहिती दोन मिनिटांच्या आवाजात ऐकवावी, आणि दूरध्वनी क्रमांक व भेटीची वेळ अगदी वरच द्यावी.

चौथे, उघडण्याचे. माळशेज घाटाच्या पायथ्याशी किंवा डोळखांबच्या डोंगरात रेंज सगळीकडे सारखी नसते. सहाशे शब्दांचा मराठी मजकूर दहा-बारा किलोबाइटांत मावतो. फोनने काढलेला एकच फोटो तीन-चार मेगाबाइटांचा, म्हणजे तीनशेपट जड असतो. समारंभाचे दहा फोटो प्रथम उतरायचे आणि मग शिबिराची तारीख दिसायची, तोवर वाचणाऱ्याचा धीर सुटतो. फोटो लहान करून घालावेत, आणि तारीख आधी द्यावी.

‘आमच्याकडे अंध माणसे येतातच कोठे?’ असा आक्षेप यावर घेतला जातो. दाराला पायऱ्याच असतील तर चाकाच्या खुर्चीतला मनुष्य दिसणार कसा? त्याचे न येणे हा त्याला गरज नसल्याचा पुरावा नव्हे. शिवाय हा प्रश्न आता केवळ दयेचा राहिलेला नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्णय दिला. खर्चाचे भयही फारसे खरे नाही. संगणकावर मजकूर वाचून दाखविणारी ‘एनव्हीडीए’ ही प्रणाली मोफत मिळते. आणि वर सांगितलेल्यापैकी बरीचशी कामे पैशांची नसून लक्ष देण्याची आहेत.

आपल्यापैकी कित्येकजण एखाद्या संस्थेचे विश्वस्त, देणगीदार किंवा कार्यकर्ते असतील. त्यांनी एक साधी परीक्षा घ्यावी. संस्था ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापैकी तिघांना बोलवावे: एक अंध, एक वृद्ध आणि एक नुकते वाचायला शिकलेला. त्यांच्या हाती त्यांचाच फोन द्यावा, ‘पुढचे शिबिर केव्हा आहे ते शोधा’ एवढेच सांगावे, आणि आपण गप्प बसावे. ते जेथे अडतील ती जागा दुरुस्त करावी आणि पुन्हा बोलवावे. वार्षिक अहवालात कामाचे मोठे आकडे येतात, ते यावेत. पण कोणाच्याही मदतीवाचून त्या तिघांना तारीख सापडली की नाही, तेही त्यात एका ओळीत छापावे.