वाडीची जाखडी

मंडणगड तालुक्यात गणपती बसले की आरतीनंतर कुठल्या तरी अंगणातून चाळांचा आवाज येतोच. मधे ढोलकी, झांज आणि गाणारे बसलेले. त्यांच्याभोवती फेर धरलेली पोरं. ही जाखडी. 'जखडणे'वरून हे नाव आलं असं सांगतात. मुंबईत घरगडी म्हणून राबणाऱ्या कोकणी माणसांच्या कानात बाळी असे, म्हणून तिथे याला 'बाल्या नाच' म्हणू लागले. हे नाव मला आवडत नाही. त्यात मालकाची नजर आहे.

जाखडीचा कस लागतो तो शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात. एकीकडे शक्तीवाले, म्हणजे कलगी, दुसरीकडे तुरेवाले. शक्ती श्रेष्ठ की शिव, या वादावर रात्र सरते. आधी गण, मग गवळण, मग सवाल-जवाब. पुराणातली एखादी अवघड गाठ गाण्यातून टाकायची आणि समोरच्या शाहिराने ती गाण्यातूनच सोडवायची. नुसता गोड गळा इथे पुरत नाही. पोथ्या वाचलेल्या असाव्या लागतात, आणि वाचलेलं ऐन वेळी ओठांवर यावं लागतं. आता बेंजो आला, ऑक्टोपॅड आला, पण सवालाला जवाब नसेल तर त्यांचा काही उपयोग नाही.

जाखडीचं मंडळ आणि एखादा बँड यांत मोठा फरक आहे. इंग्लंडमधल्या रेडिंगला १९८९ मध्ये स्लोडाइव्ह हा बँड निघाला. तीन अल्बम झाले, १९९५ मध्ये रेकॉर्ड कंपनीने हात काढून घेतला आणि बँड थांबला. २०१४ मध्ये तीच माणसं पुन्हा एकत्र आली, तेव्हा तो पुन्हा सुरू झाला. जाखडीचं मंडळ असं ठरावीक माणसांवर उभं नसतं. ते वाडीचं असतं. शाहीर थकला की शिष्य उभा राहतो, बापाची ढोलकी मुलगा घेतो.

चाकरमान्यांबरोबर ही कला मुंबईला गेली. परळचं १९२२ सालचं दामोदर नाट्यगृह शक्ती-तुऱ्याचं हक्काचं घर झालं. पुनर्विकासासाठी ते नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झालं, आणि मंडळांची मोठी अडचण झाली.

शाहिरांच्या कित्येक रचना आजही हाताने लिहिलेल्या वह्यांतच आहेत. कोकणातल्या पावसात कागद फार टिकत नाही. तुमच्या घरी अशी वही असेल, तर या गणपतीत तिच्या पानापानाचा फोटो काढून ठेवा.