डोंगरावरचा पाऊस, शहरातला पूर

30 ऑगस्ट 2021 च्या रात्री चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळ्याच्या डोंगरांत मुसळधार पाऊस कोसळला आणि 31 ऑगस्टला तितूर व डोंगरी या नद्यांचे पाणी शहरात शिरले. घरे, दुकाने बुडाली. नदीकाठच्या गावांत शेकडो जनावरे दगावली, शेतातील माती पिकासकट खरवडून गेली. कन्नड घाटात दरडी कोसळून धुळे-सोलापूर महामार्ग बंद पडला.

मराठवाड्याचे पठार या डोंगररांगेपाशी संपते आणि कडा एकदम खानदेशात उतरतो. बाष्पाने भरलेली हवा डोंगराला अडून वर चढते, थंड होते आणि उंच ढग तयार होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये अशाच उंच ढगांतून गारा पडतात. 2014 च्या गारपिटीने राज्यातील रब्बी पिके झोडपून काढली होती. पावसाळ्यात मात्र गोठणबिंदूची पातळी सुमारे 5 किलोमीटर उंचीवर असते. तिच्याखाली उबदार हवेचा जाड थर असल्याने गारा जमिनीवर पोचण्याआधीच वितळतात आणि सारे पाणी पावसाच्या रूपाने कोसळते.

लहानशा क्षेत्रावर तासाभरात 100 मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला, तर त्याला ढगफुटी म्हणतात. एवढा पाऊस 20 चौरस किलोमीटरवर पडला तरी 200 कोटी लिटर पाणी होते. डोंगरातील बेसाल्ट खडकात पाणी फारसे मुरत नाही. मैदानातील काळी माती ऑगस्टअखेर भिजून फुगलेली असते. तिच्या भेगा बुजलेल्या असतात. त्यामुळे बहुतेक पाणी नाल्यांतून थेट नदीत येते. वाहून आलेली झाडे-झुडपे पुलाच्या मोऱ्यांत अडकली, की पुलामागे पाणी तुंबते आणि काठ ओलांडून वस्तीत घुसते.

डोंगरीच्या काठावरचे पाटणादेवी शहरापासून सुमारे 18 किलोमीटरवर आहे. सेकंदाला 2 मीटर वेगाने वाहणारा लोंढा हे अंतर अडीच तासांत कापतो. शहरात पाऊस नसतानाही पूर येऊ शकतो. म्हणून शहरातल्या पर्जन्यमापकावर विसंबून चालणार नाही. माथ्यावर स्वयंचलित पर्जन्यमापक, नदीवर पातळीदर्शक आणि रात्री गावोगाव वाजणारा भोंगा, एवढी साखळी उभी राहिली तर हे अडीच तास माणसांना आणि गोठ्यातल्या जनावरांना उंचावर नेण्यास पुरतील. पूररेषेच्या आत नवे बांधकाम होऊ न देणे, हीही तितकीच निकडीची गरज आहे.