राखेतून घर उभारताना जबाबदारी कोणाची?

अमेरिकेतील लॉस एंजेलिस काउंटीत ७ जानेवारी २०२५ रोजी भडकलेल्या पॅलिसेड्स आणि ईटन या दोन वणव्यांनी सोळा हजारांहून अधिक इमारती भस्मसात केल्या. जानेवारीअखेर दोन्ही वणवे पूर्णपणे आटोक्यात आले आणि तेथून हजारो घरमालकांची दुसरी परीक्षा सुरू झाली. नकाशे कोणाकडून काढून घ्यायचे, बांधकाम कोणाला द्यायचे, विम्याची रक्कम पुरणार का, हे निर्णय घेण्याची वेळ ज्यांनी कधी एक भिंतही बांधून घेतलेली नाही अशा कुटुंबांवर आली. अशा वेळी वास्तुविशारद, अभियंता आणि बांधकाम कंत्राटदार यांचा एकच चमू नेमावा, या पर्यायाचा विचार केला जातो. 'डिझाइन-बिल्ड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीचे फायदे खरे आहेत. तिच्यातील धोकेही तितकेच खरे आहेत.

दोन करारांमधील फट

घर बांधण्याच्या प्रचलित पद्धतीत मालक आधी वास्तुविशारद नेमतो. नकाशे पूर्ण झाले की कंत्राटदारांकडून दर मागविले जातात आणि त्यांतील एकाला काम दिले जाते. म्हणजे मालकाचे करार दोन आणि दोहोंच्या मध्ये उभा तो स्वतः. नकाशातील चूक बांधकाम सुरू झाल्यावर उघडकीस आली, तर वास्तुविशारद कंत्राटदाराकडे आणि कंत्राटदार वास्तुविशारदाकडे बोट दाखवितो.

या वादात अमेरिकी कायद्याचा कल कोणीकडे आहे, हे १९१८ मध्येच स्पष्ट झाले. ब्रुकलिनच्या नौदल गोदीतील एका कामाच्या 'स्पिअरिन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की मालकाने पुरविलेल्या नकाशांबरहुकूम काम करणाऱ्या कंत्राटदाराला त्या नकाशांतील दोषांच्या परिणामांसाठी जबाबदार धरता येणार नाही. साहजिकच वाढीव खर्च प्रथम मालकाच्या माथी येतो. एकात्मिक चमूशी एकच करार झाला, की नकाशा आणि बांधकाम या दोहोंची जबाबदारी एकाच पक्षावर येते आणि ही फट बऱ्याच अंशी बुजते.

घड्याळ विम्याचे

वणव्यानंतर मालकाला सर्वाधिक टंचाई भासते ती वेळेची. आणीबाणी जाहीर झालेल्या आपत्तीत विमेदाराला पॉलिसीच्या मर्यादेत राहून तात्पुरत्या निवासाचा खर्च किमान २४ महिने मिळावा, अशी कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तरतूद आहे. मालकाच्या हाताबाहेरच्या कारणांनी विलंब झाल्यास ही मुदत ३६ महिन्यांपर्यंत वाढू शकते. मुदत संपली की भाडे खिशातून भरायचे आणि अनेकांच्या बाबतीत जळालेल्या घराच्या कर्जाचे हप्तेही चालूच राहतात.

या मुदतीतला मोठा भाग बांधकामापूर्वीच खर्च होतो. लॉस एंजेलिसमध्ये आधी बॅटऱ्या, रसायने यांसारखे घातक पदार्थ वेचण्यात आले. त्यानंतर अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने राख, राडारोडा आणि त्याखालची सहा इंचांपर्यंतची माती हलविली. ही कामे चालू असताना एकात्मिक चमू मोजणी, आराखडा आणि अंदाजपत्रक समांतर पुढे नेऊ शकतो. दर सांगणारा माणूस आराखडा काढणाऱ्याच्या शेजारी बसलेला असल्याने, नकाशे तयार झाल्यावर ते विम्याच्या रकमेत बसत नाहीत म्हणून पुन्हा काढण्याची पाळी टळते. शिवाय हजारो घरांची कामे एकाच वेळी निघाल्याने मजूर आणि साहित्य यांचे दर चढतात. खिडक्या, दारे लवकर नोंदविता आली, तर त्याची झळ काहीशी कमी बसते.

पूर्वीचे घर, नवे नियम

पूर्वी होते तसेच घर बांधू इच्छिणाऱ्यांसाठी लॉस एंजेलिस शहराने मूळ आकारमानाच्या ११० टक्क्यांपर्यंतच्या बांधकामाला जलद परवानगीची सवलत दिली. तथापि 'तसेच' याचा अर्थ जुन्या पद्धतीने असा नव्हे. वणव्याच्या धोक्याच्या क्षेत्रांसाठी कॅलिफोर्नियाने २००८ पासून कडक बांधकाम नियम लागू केले आहेत. छप्पर अग्निरोधाच्या सर्वोच्च श्रेणीचे असावे, खिडकीच्या दुहेरी काचांपैकी किमान एक टेम्पर्ड असावी, पोटमाळ्याच्या झरोक्यांतून ठिणगी आत शिरू नये, अशा त्यांतील अटी आहेत. वणव्यात बरीच घरे ज्वाळांनी नव्हे, तर वाऱ्याबरोबर उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेट घेतात.

येथे चमूची एकजूट कामी येते. झरोक्याची जाळी बारीक केली की हवा कमी खेळते. म्हणून झरोक्यांची संख्या वाढवावी लागते आणि त्यामुळे छपराचा आराखडा बदलतो. ठरलेला झरोका बाजारात नाही म्हणून कंत्राटदाराने परस्पर दुसरा बसविला, तर ही सारी आकडेमोड बिघडते. नकाशा आणि काम एकाच छताखाली असल्यास असा बदल वेळीच ध्यानात येण्याची शक्यता अधिक.

दोन गावांचा अनुभव

ऑक्टोबर २०१७ च्या टब्स वणव्यात सांता रोझा शहरातील कॉफी पार्क ही वसाहत बेचिराख झाली. तेथील भूखंड सपाट आणि साधारण सारख्या आकाराचे. शेजाऱ्यांनी गल्लीनिहाय संघटन केले, काही बांधकाम कंपन्यांनी ठरावीक नमुन्यांची घरे देऊ केली आणि शहराने पुनर्बांधणीच्या परवान्यांसाठी स्वतंत्र केंद्र उघडले. त्याच शहरातील टेकडीवरच्या फाउंटनग्रोव्ह भागात मात्र प्रत्येक घराचा आराखडा निराळा आणि उतारावरचा पाया खर्चिक. तेथे काम रेंगाळले. तयार नमुना चालत नाही, अशा घरांनाच एकात्मिक चमूचा खरा उपयोग होतो.

नोव्हेंबर २०१८ च्या कॅम्प वणव्याने या पद्धतीची मर्यादाही दाखविली. ८५ बळी घेणाऱ्या या आगीपूर्वी पॅराडाइज गावाची लोकवस्ती सुमारे २६ हजार होती; २०२० च्या जनगणनेत ती ४,७६४ भरली. तेथे जलवाहिन्यांतच बेन्झिन उतरले होते. गावाला पाणीच नसेल, तर उत्तम चमूही घर राहते करू शकत नाही.

पहारेकरी कोण?

या पद्धतीतील मुख्य धोका तिच्या सोयीतच दडलेला आहे. स्वतंत्र वास्तुविशारद मालकाच्या वतीने कंत्राटदारावर नजर ठेवतो, त्याची बिले तपासतो. तोच कंत्राटदाराच्या पगारावर असेल, तर मालकाच्या बाजूने बोलणारा उरत नाही. स्पर्धात्मक दर मागविले जात नसल्याने सांगितलेली किंमत रास्त आहे का, हेही समजणे कठीण होते.

म्हणून करार दोन टप्प्यांत असावा: पहिला केवळ आराखडा आणि अंदाजपत्रकापुरता, दुसरा बांधकामाचा. पहिल्या टप्प्यानंतर वेगळे व्हायचे झाल्यास नकाशे मालकाकडे राहतील, हे लेखी हवे. बांधकामाच्या करारात कमाल खर्चाची हमी असावी आणि फरशी, नळ, दिवे यांसाठीच्या ढोबळ तरतुदी तपासून घ्याव्यात, कारण आरंभीचा आकडा लहान दिसतो तो बहुधा त्यांच्याच आधारे. चमूत परवानाधारक वास्तुविशारद आहे का, हेही विचारावे. कॅलिफोर्नियात दोन मजल्यांपर्यंतच्या लाकडी सांगाड्याच्या घराचे नकाशे परवान्याविना काढता येतात.

आगाऊ रकमेबाबत कायदा मालकाच्या बाजूने आहे. ती कराराच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर यांपैकी जी कमी असेल तेवढीच घेता येते आणि ही मर्यादा २०२१ पासून आपत्तीत नष्ट झालेल्या घरांच्या पुनर्बांधणीलाही लागू आहे. चमूशी संबंध नसलेला तपासनीस नेमून पाया, सांगाडा आणि छप्पर या तीन टप्प्यांवर पाहणी करून घेतली, तर त्याच्या शुल्काच्या बदल्यात मालकाला निदान एक स्वतंत्र मत मिळते. एकात्मिक चमू जबाबदारी एका ठिकाणी आणतो. ती पार पाडली जाते की नाही, हे पाहण्याचे काम मात्र घरमालकाकडेच राहते.