‘काँफेराँस’ : एका विद्यार्थिसभेच्या नावाचा अर्थविचार

संत व्हिन्सेंट द पॉल यांच्या नावाने चालणाऱ्या कॅथॉलिक सेवासंस्थेच्या स्थानिक गटास ‘शाखा’ म्हणत नाहीत. त्यास ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. गरजूंच्या घरी जाऊन धान्य पोचविणाऱ्या, रोग्यांची विचारपूस करणाऱ्या मंडळींना चर्चासभेचे नाव का मिळावे, असा प्रश्न शब्दार्थाच्या अभ्यासकास पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर पॅरिसमधील विद्यार्थिजीवनात आहे.

निबंध वाचावा व त्यावर खंडनमंडन करावे, यासाठी भरणाऱ्या सभेस तेथील विद्यार्थी ‘काँफेराँस’ म्हणत. आपल्या महाविद्यालयांतील वाङ्मय मंडळासारखाच हा प्रकार. एमान्युएल बायी या वृत्तपत्रसंपादकाच्या आश्रयाने चालणाऱ्या अशा एका इतिहाससभेत फ्रेदेरिक ओझानाम हा कायद्याचा विद्यार्थी कॅथॉलिक पक्ष हिरिरीने मांडीत असे. तेव्हा सँ-सिमाँच्या मताच्या एका तरुणाने विचारले की, तुमच्या धर्माने पूर्वी पुष्कळ केले असेल, परंतु आज तुम्ही काय करता? १८३२ च्या पटकीच्या साथीने पॅरिसच्या दरिद्री वस्त्यांची केलेली दैना ताजी असता, या प्रश्नाला आणखी एक निबंध हे उत्तर होऊ शकत नव्हते. २३ एप्रिल १८३३ रोजी, म्हणजे ओझानामच्या विसाव्या वाढदिवशी, सहा विद्यार्थी व बायी असे सातजण जमले. त्यांनी सभेचे नाव टाकले नाही. त्याला फक्त एक पद जोडले : ‘काँफेराँस द शारिते’.

दरिद्री कुटुंबांची त्यांना माहिती नव्हती. ती त्यांना मूफ्तार रस्त्याच्या परिसरात काम करणाऱ्या सिस्टर रोझाली राँद्यू यांनी करून दिली. प्रारंभी वाटण्यासाठी पावाच्या चिठ्ठ्याही त्यांच्याकडूनच मिळाल्या. सभेचा क्रम मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. आरंभी पवित्र आत्म्याला आवाहन करणारी प्रार्थना, मग एखाद्या भक्तिपर ग्रंथातील वाचन, त्यानंतर भेट दिलेल्या कुटुंबांचा वृत्तान्त, आणि शेवटी कोणी किती दिले हे दुसऱ्यास कळणार नाही अशा रीतीने गोळा केलेली वर्गणी. जेथे पूर्वी निबंध वाचला जाई, तेथे आता पाचव्या मजल्यावरील एखाद्या विधवेची हकीकत सांगितली जाऊ लागली. सभेची घडण तीच राहिली, आशय पालटला. आणि म्हणूनच नाव टिकले, असे मला वाटते.

आता ‘शारिते’ या दुसऱ्या पदाकडे वळू. लॅटिन ‘कारुस’ म्हणजे प्रिय, आणि महागही. त्यापासून झालेल्या ‘कारितास’ या नामाचे फ्रेंचमध्ये दोन वंशज आहेत. लोकांच्या मुखातून घडत आलेला ‘शेर्ते’ म्हणजे महागाई, आणि चर्चच्या लॅटिनमधून आलेला ‘शारिते’ म्हणजे ईश्वरावरील व त्यामुळेच शेजाऱ्यावरील प्रेम. देणे हा या शब्दाचा मूलार्थ नव्हे. ते त्याचे फलित आहे.

मराठीत या शब्दाला प्रतिशब्द देताना अडचण येते ती येथेच. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालील अधिकाऱ्यास आपण ‘धर्मादाय आयुक्त’ म्हणतो; तेथे मालमत्तेचा अर्थ प्रधान आहे. ‘दान’ शब्दाबरोबर सत्पात्राचा व पुण्याचा विचार येतो. ‘प्रीती’ जवळची खरी, परंतु तीत भाकरी येतेच असे नाही. या दृष्टीने ‘धर्म’ हा साधा शब्दच अधिक विचारार्ह ठरावा. ‘धर्म करा’ असे भिक्षेकरी म्हणतो, तेव्हा श्रद्धा व भिक्षा या दोहोंना मराठीने एकच शब्द दिलेला असतो. (सँ-सिमाँच्या त्या अनुयायाचा प्रश्न मराठीत विचारला असता, तर त्यावर श्लेषच झाला असता.) तथापि हा धर्म घडतो तो देणाऱ्याच्या उंबऱ्याशी, मागणारा तेथवर चालून येतो. पॅरिसच्या त्या विद्यार्थ्यांनी ही दिशा उलटी केली. दोघादोघांनी जिने चढून दुसऱ्याच्या घरी जावयाचे, बसावयाचे, बोलावयाचे. त्यांच्या परिभाषेतील कळीचा शब्द ‘दान’ नसून ‘भेट’ हा आहे. आणि मराठीत ‘भेट देणे’ याचे जाऊन भेटणे व वस्तू देणे असे दोन्ही अर्थ होतात, हा योग आमच्या भाषांतरकारांनी का साधू नये?

सभासद शंभरावर गेले तेव्हा सभेचे विभाजन करावे, असे ओझानामने १८३४ च्या अखेरीस सुचविले. स्नेह तुटेल या भीतीने अनेकांनी कडवा विरोध केला. तरीही १८३५ मध्ये विभाजन झाले, नियमावली तयार झाली आणि समग्र संस्थेस ‘सोसिएते’ म्हणू लागले. ‘काँफेराँस’ हे नाव घटकगटाकडे राहिले. ओझानाम पुढे दान्तेचा अभ्यासक व सॉर्बॉनमध्ये परकीय वाङ्मयाचा प्राध्यापक झाला. १८५३ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, तो वारला. १९९७ मध्ये त्यास धन्यवादित घोषित करण्यात आले.

विद्यार्थ्यांतून निघालेली ही प्रथा अनेक देशांत शाळकरी मुलांपर्यंत पोचली आहे. ऑस्ट्रेलियातील प्राथमिक शाळांत प्रार्थना करून गरजूंसाठी अन्न व कपडे जमविणाऱ्या मुलांच्या गटांना ‘मिनी व्हिनीज’ म्हणतात. नावे आखूड करून त्यांना लाडिक प्रत्यय लावण्याची त्या देशातील इंग्रजीची खोड येथे संतालाही सुटलेली नाही. मोठ्यांच्या गटांनी मात्र तेथेही ‘कॉन्फरन्स’ हाच शब्द ठेवला आहे.