जुन्या फोर-व्हील गाडीचा आवाज : आधी ओळखा, मग खोला

डोंगरी गावात माल पोचवणारा दुकानदार असो, बागेतून आंब्याच्या पेट्या रस्त्यावर आणणारा बागायतदार असो, की हत्यारांची पेटी घेऊन कामावर जाणारा कारागीर असो. अनेकांचा धंदा आजही जुन्या जिप्सीवर किंवा जीपवर चालतो. गाडी दणकट असते, पण वय झाले की कुरकुरू लागते. खालून घरघर येते, ॲक्सिलरेटर सोडला की ठक्क असा ठोका बसतो, वळणावर कटकट ऐकू येते. मालक गॅरेजमध्ये जाऊन ‘गाडी आवाज करते’ एवढेच सांगतो. मग अंदाजाने काम सुरू होते. गिअरबॉक्स उतरतो, बेअरिंगे बदलली जातात, बिल होते, आणि कित्येकदा गाडी तोच आवाज घेऊन घरी परतते.

याचे कारण साधे आहे. आवाज जिथे ऐकू येतो तिथेच तो होत असतो असे नाही. लोखंडी चासीतून तो पुढे-मागे पसरतो आणि मागच्या चाकाचे बेअरिंग गिअरबॉक्सखाली गुरगुरल्यासारखे वाटते. म्हणून कानापेक्षा पद्धतीवर भरवसा ठेवावा. पद्धत अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आवाज बदलतो का ते पाहायचे. हे काम घरच्या घरी, एक पाना आणि एक मदतनीस एवढ्यावर होते.

गाडीची रचना समजून घ्या

मारुती जिप्सी १९८५ साली बाजारात आली. तिचे इंजिन ९७० सीसीचे होते आणि गिअर चार होते. १९९६ मध्ये १३०० सीसीची, पाच गिअरची जिप्सी किंग आली. सर्वसामान्य गिऱ्हाइकासाठी तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. म्हणजे आज रस्त्यावर जी जिप्सी दिसते ती जुनीच.

या गाडीत इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून एका आखूड शाफ्टद्वारे मधल्या पेटीत, म्हणजे ट्रान्सफर केसमध्ये जाते. तिथून एक लांब शाफ्ट मागच्या डिफरन्शियलकडे आणि दुसरा पुढच्या डिफरन्शियलकडे जातो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. जुन्या महिंद्रा जीपमध्ये ट्रान्सफर केस गिअरबॉक्सलाच जोडलेली असते, त्यामुळे तिथे आखूड शाफ्ट नसतो. बाकी मांडणी सारखीच. साध्या मोटारीपेक्षा येथे शाफ्ट, क्रॉस, डिफरन्शियल सगळेच जास्त आहे, म्हणून आवाजाच्या जागाही जास्त आहेत.

आधी सुरक्षितता

पुष्कळशा जुन्या जीपगाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांत नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. तो शाफ्ट सोडला किंवा मागचे एक चाक जॅकवर उचलले, की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. तसेच ट्रान्सफरचा दांडा न्यूट्रलमध्ये असेल तर गिअरमध्ये टाकलेली गाडीही अडत नाही. यास्तव सपाट जागा निवडावी, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. खाली लोखंडी स्टँड द्यावा. चाक हवेत असताना इंजिन सुरू करून गिअर टाकू नये. फोर-व्हील लागलेली असेल तर जमिनीवरची चाके गाडीला जॅकवरून खाली ओढतात.

पहिली तपासणी : गाडी उभी, इंजिन चालू

गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू करावे. क्लच न दाबता आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या भागातील बेअरिंगमध्ये असण्याचा संभव जास्त. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर क्लचचे रिलीज बेअरिंग पाहावे.

आता ट्रान्सफरचा दांडा न्यूट्रलमध्ये घ्यावा. चाकांना ठोकळे आहेत याची पुन्हा खात्री करून मुख्य गिअर टाकावा आणि क्लच हळू सोडावा. गाडी जागची हलत नाही, पण गिअरबॉक्स, आखूड शाफ्ट आणि ट्रान्सफरची आतली गिअरे फिरू लागतात. आधी शांत असलेली गाडी आता आवाज करू लागली, तर शोध या तीन जागांपुरता उरला. गिअर बदलून पाहावेत. आवाज एकाच गिअरमध्ये येत असेल तर गिअरबॉक्स. सर्व गिअरमध्ये येत असेल तर आखूड शाफ्टचे क्रॉस आणि ट्रान्सफर आधी तपासावे.

दुसरी तपासणी : मोकळ्या रस्त्यावर

रहदारी नसलेल्या सरळ रस्त्यावर, टू-व्हीलमध्ये, ज्या वेगाला आवाज येतो तो वेग धरावा. मग ॲक्सिलरेटर सोडून क्लच दाबावा. इंजिन मंदावले तरी आवाज चाकांच्या वेगाबरोबर तसाच राहिला, तर इंजिन आणि क्लच यांची सुटका झाली. दोष पुढे, म्हणजे शाफ्ट, डिफरन्शियल, चाकांचे बेअरिंग किंवा टायर यांत आहे. यासाठी चावी मात्र बंद करू नये. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदतही जाते.

यापुढे आवाजाची जात पाहावी.

डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर जाताच आवाज बदलतो, तर तो बहुधा टायरचा. जाड नक्षीचे किंवा कमी-जास्त झिजलेले टायर हुबेहूब डिफरन्शियलसारखे गुणगुणतात. डिफरन्शियलचा आवाज रस्ता बदलल्याने बदलत नाही.

ॲक्सिलरेटर दाबला की बारीक किंकाळीसारखा सूर येतो आणि सोडला की कमी होतो, किंवा याच्या उलट होते, तर क्राउन-पिनियन किंवा पिनियनचे बेअरिंग संशयित. भार बदलला की सूर बदलणे ही डिफरन्शियलची खूण आहे.

ॲक्सिलरेटर दाबा वा सोडा, घरघर तशीच राहते, पण वळणावर कमी-जास्त होते, तर चाकाचे बेअरिंग. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. त्या वेळी घरघर वाढली तर उजवी बाजू पाहावी, उजवीकडे वळताना वाढली तर डावी.

गाडी निघताना किंवा ॲक्सिलरेटर सोडताना एकच ठोका बसतो, तर क्रॉस, शाफ्टची सरकती जोडणी किंवा ट्रान्सफर केसचे रबर पाहावे. जिप्सीची ट्रान्सफर केस रबरी माउंटिंगवर बसवलेली असते. रबर फाटले की संपूर्ण पेटी हलते आणि गिअरबॉक्स गेला असे वाटते. हळू वेगात चिमणीसारखी चिवचिव येत असेल तर क्रॉस कोरडा पडला असे समजावे.

पुढचा भाग वेगळा कसा पाडावा

पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब असतील तर काम सोपे आहे. दोन्ही हब ‘फ्री’ करून टू-व्हीलमध्ये एक फेरी मारावी. मग दोन्ही ‘लॉक’ करून, ट्रान्सफर टू-व्हीलमध्येच ठेवून, त्याच रस्त्यावर त्याच वेगाने दुसरी फेरी मारावी. फ्रीमध्ये पुढचा शाफ्ट आणि डिफरन्शियल फिरत नाहीत, लॉकमध्ये फिरतात. आवाज फक्त दुसऱ्या फेरीत आला तर तो पुढच्या भागाचा. दोन्ही फेऱ्यांत सारखाच आला तर पुढचे डिफरन्शियल खोलण्याचे कारण उरत नाही.

फोर-व्हीलमध्ये, मातीच्या जागेवर, स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कट-कट-कट असा आवाज आला तर पुढच्या ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट झिजला आहे.

येथे एक इशारा. या गाड्यांत फोर-व्हील लावली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत चाक थोडे घसरून हा फरक भरून काढते. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही. मग स्टिअरिंग जड होते, ठोके बसतात, दांडा अडकतो. हा दोष गाडीचा नसून वापराचा आहे. गाडी थोडी सरळ मागे घेतली की ताण सुटतो. चारही टायर एकाच मापाचे नसतील तर हाच ताण सरळ रस्त्यावरही पडतो. म्हणून खर्च करण्याआधी टायरवरचे माप आणि हवा पाहावी.

तिसरी तपासणी : हाताने

इंजिन बंद करून, ठोकळे लावून, गाडीखालचे भाग थंड झाल्यावर शाफ्ट हाताने धरून पुढे-मागे फिरवावा आणि वर-खाली हलवावा. क्रॉसमध्ये ढिलाई जाणवली किंवा त्याच्या टोप्यांभोवती लालसर गंजाची पूड दिसली, तर क्रॉस बदलावा. ही गोष्ट पुढे ढकलू नये. चालत्या गाडीत क्रॉस तुटून शाफ्ट खाली पडला तर जिवावर बेतते. शाफ्ट उतरवण्यापूर्वी दोन्ही जोडांवर आणि सरकत्या भागावर खडूने किंवा रंगाने खूण करावी. खूण चुकवून बसवलेला शाफ्ट नवीन क्रॉससकट गाडी थरथरवतो.

चाक उचलून वर आणि खाली धरून हलवावे. ढिलाई असेल तर मदतनिसास ब्रेक दाबण्यास सांगावे. ब्रेक दाबताच ढिलाई गेली तर बेअरिंग. पुढच्या चाकात ती तरीही राहिली तर किंगपिन. एक हात पाट्यावर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवले की खराब बेअरिंगची खरखर हाताला कळते.

शेवटी तेल. गिअरबॉक्स, ट्रान्सफर आणि दोन्ही डिफरन्शियल, अशा चार जागी ते वेगवेगळे असते. आधी भरण्याचा नट सोडावा, मगच खालचा. वरचा नट गंजून अडकला आणि खालून तेल काढून टाकले, तर गाडी जागेवरच बसते. तेल भोकाच्या काठापर्यंत असावे. दुधासारखे दिसले तर ओढ्या-नाल्यातून जाताना पाणी शिरले आहे, ते लगेच बदलावे. नटावर बारीक करडा लेप असणे चालते. धातूचे तुकडे किंवा चिपा निघाल्या तर गाडी न चालवता ती पेटी खोलावी. तेलाचा दर्जा गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणेच घ्यावा. डिफरन्शियलचे तेल गिअरबॉक्समध्ये चालेलच असे नाही.

मिस्त्रीला काय सांगावे

एवढे झाल्यावर एका कागदावर चार ओळी लिहाव्यात : आवाज कोणत्या वेगाला येतो, क्लच दाबल्यावर राहतो का, वळणावर बदलतो का, हब फ्री केल्यावर जातो का. हा कागद चांगल्या मिस्त्रीचा अर्धा दिवस वाचवतो. क्रॉस किंवा रबर हा किरकोळ खर्च आहे, तर गिअरबॉक्स किंवा क्राउन-पिनियन हा महिन्याच्या कमाईला हात घालणारा. काम झाल्यावर जुना भाग मागून घ्यावा व पाहावा.

गॅरेज चालवणाऱ्या बांधवांनीही हीच तपासणी गिऱ्हाइकाला शेजारी बसवून करावी. पाना हातात घेण्यापूर्वी घातलेला अर्धा तास वाया जात नाही. नेमका दोष दाखवून तेवढेच काम करणाऱ्या कारागिराकडे गिऱ्हाईक पुन्हा येते आणि येताना आणखी एकाला घेऊन येते.