वाघाचं जंगल आणि धुऱ्यावरचा तरोटा

गैरसमज: जिल्ह्यात मेळघाट आहे, म्हणजे आपले कीटक सुखरूप आहेत.

चांदूर रेल्वेत हे हमखास ऐकू येतं. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, याचा अभिमान रास्तच आहे. पण त्याची हद्द आखली ती वाघासाठी, सातपुड्याच्या सागवानी डोंगरांत. चांदूर काळ्या मातीच्या मैदानात आहे. कीटकाला हवं असतं नेमकं झाड. नारिंगी पंखांच्या एका ओळखीच्या फुलपाखराची अळी रुईच्या पानांवर वाढते, पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या तरोट्यावर. रुई-तरोटा वाढतो वावराच्या धुऱ्यावर, गावठाणात, रुळांच्या कडेला. धुऱ्यावर तणनाशक मारलं की फुलपाखराचं घरच जातं आणि ही तूट दूरवरचा मेळघाट भरून काढू शकत नाही. २०२३च्या एका जागतिक अभ्यासात सुमारे ८९ हजार कीटक प्रजाती तपासल्या गेल्या; त्यांतल्या ७६ टक्के प्रजातींना संरक्षित क्षेत्रांचं पुरेसं छत्र नव्हतं.

गैरसमज: निदान हद्दीच्या आत तरी धोका नाही.

जर्मनीत ६३ संरक्षित जागांवर २७ वर्षं उडणाऱ्या कीटकांचं वजन मोजलं गेलं. ते ७५ टक्क्यांहून अधिक घटल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं. नेमकं कारण सिद्ध झालं नाही, पण यातल्या बहुतेक जागा शेतांनी वेढलेल्या होत्या. आपलं पोहरा-मालखेडचं राखीव जंगलही वावरांनी वेढलेलं आहे. वाऱ्यावर जाणारा फवारा हद्दीचा दगड पाहून थांबत नाही.

गैरसमज: शेतातला किडा म्हणजे नुकसानच.

संत्र्याच्या रोपांची पानं कुरतडणारी लिंबू फुलपाखराची अळी त्रास देते, हे खरंच. रोपवाटिकेत ती हाताने वेचता येते. पण तुरीच्या फुलोऱ्यावर येणारी मधमाशीही कीटकच. म्हणून फुलोऱ्यात फवारणी टाळता येत नसेल, तर ती संध्याकाळी, माश्या परतल्यावर करावी. ट्रायकोग्रामा ही मिलिमीटरभरही नसलेली गांधीलमाशी बोंडअळीच्या अंड्यात आपलं अंडं घालते. त्यातून अळीऐवजी नवी गांधीलमाशी बाहेर पडते. तिची अंडी असलेली कार्डं कपाशीच्या पानामागे टाचतात. त्याच आठवड्यात कीटकनाशक फवारलं, तर ती मरते आणि कार्डाचे पैसेही वाया जातात.